थांबलेल्या रेकॉर्डवर सुई

१

निवृत्त माणसाला एखादा छंद हवा असं मीच म्हणाले होते, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं. सुखदेव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि बघता बघता आमच्या वारज्याच्या फ्लॅटमधला हॉल त्यांनी ताब्यात घेतला. आधी ॲम्प्लिफायर आला, मग माझ्या छातीपर्यंत येणारे दोन स्पीकर आले. माझ्या कुंड्या बाल्कनीत गेल्या, माझी वेताची खुर्ची बेडरूममध्ये गेली. आता फक्त टर्नटेबल राहिलं होतं, आणि ते काही केल्या ठरत नव्हतं. मला पसंत करायला या माणसाला एक कप चहा पुरला होता. या यंत्रासाठी मात्र त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला.

रोज नाश्त्याबरोबर मला धडे मिळत. एकात ताटली रबरी पट्ट्यानं फिरते, दुसऱ्यात थेट मोटरवर. एकात सुई आपोआप उचलली जाते, दुसऱ्यात हातानं उचलावी लागते. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, ललिताबाई वर्गावर असल्या की शाळेला घंटेची गरज नाही. आवाज हीच माझी मिळकत. पण घरात हल्ली माझ्याकडे ऐकायचं काम होतं, आणि ऐकता ऐकता मी पूर्वासाठी दुपटी शिवत बसायचे.

पूर्वा आमची एकुलती एक मुलगी, हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण आईकडेच करायचं असं तिनं स्वतःहून ठरवलं होतं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, इथे सगळ्या सोयी आहेत. त्यावर पूर्वा म्हणाली, सोयी असतील हो, पण आई नाहीये ना तिथे. हे तिनं मला फोनवर सहज सांगितलं. मी ते नंतर कितीतरी वेळा मनातल्या मनात म्हणून बघितलं. जुन्या सुती साड्या फाडताना मला त्या दिवसांत दुसरं काही नको होतं.

टर्नटेबलाचा घोळ शेवटी शनिवार पेठेतल्या तेजस नावाच्या दुकानदारानं मिटवला. तो म्हणाला, काका, दोन मशीनं घरी ठेवून जातो, वापरून बघा, एक ठेवा, एक मी परत नेतो. त्यातलं एक कोरं करकरीत होतं. दुसरं वापरलेलं, काळपट लाकडी पेटीचं आणि भलतंच जड. कुणाचं तरी घर रिकामं करताना निघालेलं सामान होतं म्हणे. कुणाचं घर ते त्याला माहीत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

२

निवड कशी करायची याची युक्ती तेजसनंच सांगून ठेवली होती. रेकॉर्ड फिरवायची नाही. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची, आवाज मोठा करायचा आणि घरात चालायचं, टेबलावर टिचक्या मारायच्या. जमिनीचे हादरे सुईला पोचतात आणि स्पीकरमधून ऐकू येतात. जे मशीन घराचं कमी ऐकतं ते चांगलं.

कोऱ्या मशीननं सगळं ऐकलं. सुखदेवांची पावलं ऐकली, माझी ऐकली, फ्रीजची घरघर ऐकली, वरच्या मजल्यावर कुणी स्टूल सरकवलं तेही ऐकलं. सुखदेवांनी त्याला तिथेच नापास केलं. मग लाकडी पेटीची पाळी आली. सुखदेव चालले तेव्हा स्पीकरमधून धप धप आली, पण दबकी, लांबून आल्यासारखी. आमची कामवाली मुक्ताई फरशी पुसत होती, तिची बादली सरकली तीही जराशी ऐकू आली. मग मला हुकूम झाला, आता तू चाल.

मी चालले. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

मी पुन्हा चालले, या वेळी टाच आपटून. मी काही हलकी बाई नाही. मी रिक्षात बसले की शेजारच्यांना बाहेर लोंबकळावं लागतं. शेवटी मी टर्नटेबलाच्या टेबलावरच बुक्की मारली. सुखदेवांचा चष्मा तिथून उडून खाली पडला, स्पीकर ढिम्म. सुखदेवांनी एका बोटानं टिचकी मारली, तर टक् असा स्वच्छ आवाज आला.

ते खूशच झाले. तुझं चालणं यानं बरोबर गाळलं, कमाल मशीन आहे, म्हणाले. मी विचारलं, मग तुमचं का नाही गाळलं? तर ते वायरी तपासायला लागले. मुक्ताई फडकं पिळता पिळता म्हणाली, "बाई, तुमीच तेवढ्या त्याला कळंना जणू," आणि फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात येता-जाता मी पाय जरा जोरातच टाकत होते.

३

दुसऱ्या दिवशी मुक्ताई गावच्या जत्रेला गेली. दुपारचं जेवून सुखदेव मित्राकडे रेकॉर्डी आणायला गेले. घरात मी एकटी होते, आणि ती बुक्की माझ्या डोक्यातून जात नव्हती.

मी सुई टेकवली, आवाज वाढवला आणि स्वयंपाकघरातून लोखंडी खलबत्ता आणून मुद्दाम फरशीवर टाकला. फरशीचा टवका उडाला. स्पीकरमधून हूं की चूं नाही. मी म्हटलं, वायर सुटली असेल, आणि वाकून बघायला गेले. तेवढ्यात स्पीकरमध्ये पावलं वाजली.

अनवाणी पावलं होती, सावकाश चालणारी. मी जागच्या जागी उभी होते. पावलं थांबली, मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते लागलं, दुसरं उघडलं. एकामागून एक डबे उघडले जात होते, नव्या घरात आलेली बाई काय कुठे ठेवलंय ते बघते तसे. मधूनमधून बांगड्या वाजत होत्या. मी हातात फक्त घड्याळ घालते.

घाबरले हे कबूल. पण मी डोळे मिटून बसणाऱ्यातली नाही. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. कुणी नव्हतं, डबे जागच्या जागी होते. इमारतीच्या खांबांतून आवाज कुठल्या कुठे पोचतात असं सुखदेवच सांगतात. खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते, डबे त्यांचे असणार. मला हे पटलं. सुई उचलायला गेले, पण घाईत रेकॉर्डवर ओरखडा उठला तर सुखदेव वर्षभर ऐकवतील, म्हणून तशीच ठेवली आणि बेडरूममध्ये दुपट्यांच्या घड्या घालायला बसले.

घड्या घालता घालता मन शांत झालं. पूर्वाची खोली कशी लावायची याचा विचार चालू होता. तेवढ्यात बाहेरून हळूच आवाज आला, "येऊ का?"

आमच्याकडे निघालेलं माणूस कधी जाते म्हणत नाही. मुक्ताई काम आटपून दारात चपला घालताना रोज विचारते, बाई, येऊ का? आणि मी घरात कुठेही असले तरी मान वर न करता सांगते.

"ये हं," मी म्हटलं.

हातातल्या दुपट्याची घडी पुरी केली, पुढचं घेतलं, आणि मग आठवलं की मुक्ताई जत्रेला गेली आहे. शिवाय ती 'बाई' म्हटल्याशिवाय बोलत नाही. हॉलमध्ये आले तर बाहेरच्या दाराला आतून कडी होती. सुई थांबलेल्या रेकॉर्डवर तशीच टेकलेली होती आणि स्पीकर आता अगदी शांत होते.

४

संध्याकाळी सुखदेव आले आणि पेपर घेऊन हॉलमध्ये बसले. मी बेडरूमच्या दारातून दुपारचं सगळं सांगितलं, आवाजाला जमेल तेवढा साधेपणा आणून. त्यांनी पान उलटलं. मला राग आला. मी म्हटलं, अहो, मी भिंतीशी बोलतेय का? त्यांनी मान वर केली, पण स्वयंपाकघराकडे.

"ओ," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "अर्धाच कप दे."

मी स्वयंपाकघरात गेले. कुणी नव्हतं. गॅसवर चहा उकळत होता, आलं किसून घातलेलं होतं. मी तो गाळला आणि नेऊन दिला, दुसरं सुचलंच नाही. त्यांनी वर न बघता कप घेतला आणि एक घोट पिऊन म्हणाले, आज जमलाय.

सकाळी मी नेहमीसारखी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली. मुद्दाम खणखणीत म्हटली, शाळेच्या मैदानावर म्हणायचे तशी. सुखदेव माझ्या पाठीशी हात जोडून उभे होते. माझं संपलं तरी ते तसेच उभे. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, वंदना राहिली ना आज?" आणि उत्तर ऐकल्यासारखी मान डोलावून पुन्हा हात जोडले. ते कुणाचं तरी ऐकत होते. शेवटी त्यांनी, वंदना संपल्यावर म्हणतात तसं, साधू साधू साधू म्हटलं.

नाश्त्यानंतर त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. मी वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, श्वाससुद्धा जपून घेत होते. स्पीकरमधून पावलं आली, स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. सुखदेव हसले. "आता येतंय तुझं चालणं," ते त्या दिशेला म्हणाले. "हलकं आहे, पण येतंय."

५

माझ्याच घशात काही बिघाड असेल असं मी स्वतःला सांगितलं. माणूस किती मूर्ख आशा धरतो. मी पिशवी घेऊन खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी शिळ्या कोथिंबिरीवरून भांडण काढलं. तो म्हणाला, मावशी, ओरडताय कशाला, बहिरा नाहीये मी. त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी ती शिळी कोथिंबीर घेतली आणि तिथेच उभी राहून पूर्वाला फोन लावला.

ती हॅलो हॅलो करत राहिली. मी बोलत होते, भाजीवाला माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी नक्की बोलत होते. पूर्वा म्हणाली, नुसती खरखर येतेय, आणि फोन ठेवला. मी मेसेज केला, माझा आवाज येत नाही का तुला? लगेच उत्तर आलं.

"येतो की ग. सकाळी बाबांच्या फोनवरून बोललीस तेव्हा किती क्लिअर होता! आणि ते गाणं म्हटलंस ना, ते पुन्हा म्हणून पाठव. बाळ एकदम शांत झालं होतं."

मी सकाळी तिच्याशी बोलले नव्हते. आणि गाणं तर मी जन्मात म्हटलेलं नाही, माझा आवाज वर्गाचा आहे. मी लिहायला घेतलं, ती मी नव्हते. ते खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दिवस भरत आलेल्या मुलीला, घरात तुझ्याशी बोलली ती तुझी आई नव्हे, असं कुठली आई लिहील? कोथिंबीर हातात चुरगळली होती.

मला तिथूनच कुठेही जाता आलं असतं. मला बहीण आहे, मैत्रिणी आहेत. पण पूर्वा त्याच घरात येणार होती, आणि मी नसताना ती तिथे येणं मला चालणार नव्हतं. मी परत गेले.

मी दार उघडलं तोच मागून मुक्ताई आली, जत्रेहून परतलेली. दारातच तिनं मला हाक मारली, म्हणजे मला तसं वाटलं. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. "बाई, बांगड्या लई शोभत्यात तुमाला," ती म्हणाली आणि आत गेली.

६

तेजस येणार होता. तो परका, त्याला मी ऐकू जाईन, एवढाच माझा हिशेब होता. मी जिन्यात त्याची वाट बघत उभी राहिले. तो लिफ्टमधून बाहेर आला आणि म्हणाला, नमस्कार काकू, बाहेर कशा? मला रडू फुटायचं बाकी होतं. मी सांगितलं की मला दोन्ही नकोत, आधी ती लाकडी पेटी उचल. तो गोंधळला. काका तर फोनवर तिचंच कौतुक करत होते, म्हणाला. मी म्हटलं, काकांचं राहू दे, आत चल आणि उचल. तो हो हो म्हणत उंबरा ओलांडून आत गेला. मी मागोमाग बोलतच होते.

"चालेल ना काकू," तो स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला. "साखर कमी."

मी त्याला नावानं हाक मारली. वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर दचकून उभं राहायचं त्या आवाजात मारली. तो सुखदेवांशी बेल्टबद्दल बोलत होता. त्यानं कोऱ्या मशीनचं खोकं भरलं, चहा पिऊन छान झालाय म्हणाला, आणि निघाला. मी धावत त्याच्या आधी जिन्यात गेले आणि तो उंबऱ्याबाहेर पडताच त्याची बाही धरली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वळून उघड्या दारातून आत बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आत त्याला काय दिसलं, मला माहीत नाही. तो उभा होता तिथून स्वयंपाकघर दिसतं, मी उभी होते तिथून नाही. "काकू, तुम्ही आत जाऊ नका," एवढंच तो म्हणाला. खोकं तिथेच टाकून तो जिन्यानं पळत खाली गेला. नंतर त्यानं माझा फोन कधीच उचलला नाही.

मी आत गेले. सुखदेव बाल्कनीत होते. मी सरळ लाकडी पेटीकडे गेले, सुई उचलली, वायर भिंतीतून उपटली. ॲम्प्लिफायरचा दिवा विझला. मला वाटलं, संपलं.

स्वयंपाकघरातून पावलं आली, दबकी नाही, लांबची नाही, फरशीवर उमटणारी खरी पावलं. आता तिला स्पीकर लागत नव्हता.

७

पूर्वा रविवारी आली. सुखदेव तिला आणायला विमानतळावर गेले होते. मी घरात थांबलेच नाही, सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिले. मनात ठरवलं होतं की तिला वर जाऊच द्यायचं नाही, इथूनच बहिणीकडे न्यायचं, आणि मग जे काही सांगायचं ते तिथे सावकाश.

गाडी आली. पूर्वा अवघडून उतरली, एक हात कमरेवर, चेहरा सुजल्यासारखा भरलेला. लहानपणी तापातून उठल्यावर दिसायची तशी दिसत होती. मी तिचं नाव घेतलं. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तिनं वर आमच्या बाल्कनीकडे बघितलं आणि हात हलवला.

"आई, आले ग," ती म्हणाली.

मी वर बघितलं. वाळत घातलेल्या दुपट्यांच्या मागून एक हात हलत होता. कोपरापर्यंत दिसला. दुपटी मी शिवलेली होती.

मी त्यांच्याबरोबर वर गेले. पूर्वा सोफ्यावर टेकली, पाय पसरले, डोळे मिटले. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या केसांना हैदराबादच्या कुठल्याशा तेलाचा वास होता. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या कानाशी, एकही शब्द न गाळता. शेवटी विनवलंसुद्धा. तिनं फक्त कानाजवळ चिलट आल्यासारखा हात फिरवला. सुखदेव तिची बॅग आत ठेवत होते.

काय मनात आलं कुणास ठाऊक, मी खाली वाकले आणि तिच्या पोटाजवळ तोंड नेऊन म्हटलं, बाळा.

पोट हललं. कुर्त्यावरून दिसेल एवढं हललं. पूर्वानं डोळे उघडले. मी पुन्हा म्हटलं, बाळा, मी आजी. आतून पुन्हा लाथ बसली, नेमकी माझ्या आवाजाच्या बाजूला. इतक्या दिवसांत या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली होती. मला इतका आनंद झाला की भीती विसरूनच गेले. मी बोलत राहिले, काय ते आठवत नाही, नावं, गोष्टी, काहीबाही. आणि ते आतून उत्तर देत राहिलं. पूर्वा हसायला लागली. हसता हसता तिनं स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"आई, लवकर ये ना. बघ कसं नाचतंय."

नळ बंद झाला. पावलं आली, बांगड्या आल्या. मी मान वर केली नाही. माझी हिंमत झाली नाही. मला फक्त हात दिसले. ओले होते, पदराला पुसलेले, आणि घड्याळाची जागा गोरी राहते तशी माझ्याच मनगटावरची गोरी पट्टी त्या मनगटावर होती. ते माझ्या तोंडाच्या आणि पोटाच्या मधून आले आणि पोटावर टेकले. बोटं पसरली. ती पसरत राहिली, पोटाच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत.

पोट एकदम निश्चल झालं. मी बाळा, बाळा म्हणत होते. आतून काहीच येत नव्हतं.

"थांबलं ग," पूर्वा म्हणाली. तिचं हसू ओठांवर तसंच होतं.

"घाबरलं असेल," माझा आवाज तिच्या डोक्यावरून म्हणाला, अगदी मायेनं. "होईल सवय."